लोखंड उतरवा

निवृत्त मास्तरांच्या घरात दोन गोष्टी आपोआप साचतात. सत्काराच्या शाली आणि किस्से. शाली वाटून टाकता येतात, भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून खपवता येतात. किस्से मात्र कितीही वाटले तरी आपल्याकडे शिल्लक राहतातच, आणि वर दरवेळी थोडे वाढलेले सापडतात.

आम्ही जुने सहकारी अजून अधूनमधून चहाला जमतो. गुडघे, नातवंडं आणि रक्तातली साखर आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, जहागीरदार सरांचं होऊन जाऊ द्या." सगळ्यांना सगळं पाठ आहे, तरी मी सांगते. तुम्हालाही सांगते.

आमचं कॉलेज औरंगाबादचं. आता शहराचं नाव बदललं, पण मी तिथं शिकले तेव्हा ते औरंगाबाद होतं आणि माझ्या तोंडात तेच बसलंय. भूगोल विभाग सायकल स्टँडच्या मागं, दोन खोल्यांचा. आता पोरं 'मॉड्यूल' म्हणतात, आम्ही 'पेपर' म्हणायचो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सहावा पेपर निवडीचा असायचा. सहा-अ म्हणजे सर्वेक्षण: उन्हात जा, गाव मोजा, नकाशा काढा. सहा-ब म्हणजे पर्यटन भूगोल: बसमध्ये बसा, वेरूळ बघा, डबा खा. कुठल्या पेपरला गर्दी व्हायची ते सांगायला नको.

सहा-ब मोहिते बाईंचा. सहा-अ जहागीरदार सरांचा. सरांकडे जहागीर सोडा, शेताचा बांधसुद्धा नव्हता. नागेश्वरवाडीत भाड्याची जागा. स्वतःच म्हणायचे, "आमची जहागीर म्हणजे सहा-अ. तीही सरकार खालसा करायला टपलंय."

* * *

सर हैदराबादला गणित शिकले, तेही उर्दूतून. पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि सरांना आधी इंग्रजीतून आणि मग मराठीतून भूगोल शिकवावा लागला. बोलायचे झकास मराठी. पण आकडे आले की गाडी परत हैदराबादला. "हे अंतर मोजा. ग्यारा, बारा, तेरा." आणि नोट्स सगळ्या उर्दूत. उजवीकडून डावीकडे.

आमच्या वर्गात मुकुंदवाडीचा एक हुशार मुलगा होता. एकदा आजारी पडला, दोन तास बुडाले, म्हणून त्यानं सरांकडं नोट्स मागितल्या. सरांनी लगेच वही हातात दिली. दुसऱ्या दिवशी पोरगा खाली मान घालून परत करायला आला.

"वाचल्या का?" सरांनी विचारलं.

"सर, काहीच कळलं नाही."

"मग बुडालं काय तुझं?" सर म्हणाले. "वर्गात बसलेल्यांनाही कळलेलं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते, सर विसरले नव्हते.

* * *

आता करमाडचा किस्सा. करमाड माझं गाव, जालना रोडवरचं. आमच्या तुकडीनं मोजायला नेमकं तेच गाव निवडलं, कारण जेवणाची सोय आमच्या घरी होती.

काम साधं असतं. तिपाईवर एक सपाट फळी ठेवायची, तिच्यावर कागद लावायचा. होकायंत्र ठेवून उत्तर दिशा आखायची, आणि मग पट्टीनं नेम धरून एकेक घर, विहीर, देऊळ कागदावर उतरवायचं. ऊन मी म्हणत होतं. म्हणून आम्ही ती फळी आमच्याच बैलगाडीला अगदी खेटून, सावलीत लावली. दिवसभर मन लावून काम केलं. नकाशा इतका देखणा झाला की पोरांनी त्याला रंगसुद्धा दिला.

सरांची पद्धत अशी, की ज्या गावाचा नकाशा त्या गावाला आधी वाचून दाखवायचा. चावडीवर माणसं जमली. माझे वडील पुढं बसलेले. पोरगी कॉलेजात नक्की करते काय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळणार होतं. सर नकाशा वाचायला लागले. विहीर, शाळा, पार. मारुतीच्या देवळापाशी आले आणि थबकले.

वडील म्हणाले, "सर, आमचा मारुती दक्षिणमुखी हाय. आज्यापंज्यापासून. तुमच्या पोरांनी त्याला उगवतीकडं बसिवला व्हय?"

सगळी चावडी हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर उठले, आम्ही फळी कुठं लावली होती ते बघायला गेले, आणि गाडीच्या चाकापुढं उभे राहिले. चाकावर चढवलेली जाडजूड लोखंडी धाव. होकायंत्राची सुई बिचारी दिवसभर उत्तर सोडून तिच्याकडं बघत बसली होती.

सर रागावले नाहीत. वडिलांना म्हणाले, "पाटील, पोरांचा कसूर नाही. सुईचं आपल्यासारखंच असतं. ज्याच्या जवळ बसते, त्याच्या बाजूनं बोलते."

त्या दिवसापासून आमच्या विभागात एक रिवाज पडला. मोजणीला उभं राहिलं की सर हाक द्यायचे, "लोखंड उतरवा." मग किल्ल्या, चाकू, मुलींच्या केसातल्या पिना, सगळं एका रुमालात बांधून लांबच्या झाडाला टांगायचं. एका वर्षी कुणीतरी शहाणपणा केला, "सर, मोजायची साखळीपण लोखंडाचीच आहे की." सर म्हणाले, "ती कामावर आहे. तुझ्या किल्ल्या फिरायला आल्यात."

* * *

हर्सूलचा किस्सा तर पोलीस केस व्हायची बाकी राहिली होती. तलावाचा काठ मोजायला आमची तुकडी गेली. नेम धरायला लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या, त्यांना झेंडे लावले, एक जण पट्टीला डोळा लावून बसला. आता पट्टीच्या समोर नेमकी मध्यवर्ती कारागृहाची भिंत येत होती, याला आम्ही काय करणार?

थोड्या वेळानं एक जमादार काठी आपटत आला. "काय चाललंय?"

"नकाशा काढतोय," आम्ही अभिमानानं सांगितलं.

"जेलचा?"

पुढच्या घटकाभरात आम्ही सगळे गेटाजवळच्या खोलीत बाकावर होतो आणि नकाशा जप्त झाला होता. एका मुलीनं रडायला सुरुवातही केली. जमादार कुणाचं ऐकेना. शेवटी सर आपली मोठी काळी छत्री घेऊन सावकाश चालत आले. त्यांनी आधी आम्हाला काही विचारलं नाही. जमादाराकडून नकाशा मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. नकाशात तलाव जेलला खेटून आला होता आणि रस्ता पाण्यात शिरला होता.

"जमादार साहेब," सर म्हणाले, "हा नकाशा तुमच्या कैद्यांना खुशाल वाटून टाका. ह्याच्या भरवशावर जो पळेल तो सीधा तलावात पडेल."

जमादार हसला आणि त्यानं आम्हाला चहा पाजला. परत येताना सरांनी तो नकाशा सगळा पुन्हा काढायला लावला, ते मात्र हसत नाही.

* * *

पुढं मी एम.ए. करून त्याच विभागात टेम्पररी लेक्चरर म्हणून लागले. टेम्पररी म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर, आणि ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. माझा सगळा वर्कलोड सहा-अ च्या प्रॅक्टिकलवर होता. सहा-अ असेल तर मी असेन. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी हाय तवर शहरात रहा. नाय तर घरी ये, पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय, ते माझ्या दोन मोठ्या बहिणींकडं बघून मला माहीत होतं.

मोहिते बाईंची मला धास्ती वाटायची. ताठ मानेच्या, इस्त्रीच्या साडीतल्या बाई. कमरेला विभागातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा त्यांनी कधी कुणाच्या हातात दिल्याचं ऐकिवात नव्हतं. खडूची पेटी हवी असली तरी त्या स्वतः उठून यायच्या. एकदा मैदानावर आमची मोजणी चालली असताना त्या बघायला आल्या. सरांनी लांबूनच हात केला.

"बाई, जरा तकलीफ घ्या. तिकडं बाभळीपाशी थांबा."

"मी काय लोखंडाची आहे?"

"तुम्ही नाही. किल्ल्या. त्या उतरवून या."

"किल्ल्या उतरणार नाहीत," बाई म्हणाल्या आणि खरंच बाभळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. अर्धा तास तिथून बघत होत्या.

त्या दोघांचं भांडण जुनं. बाई म्हणायच्या, "सर, नकाशे आता बाजारात विकत मिळतात. पोरांना उन्हात कशाला नाचवता?"

सर म्हणायचे, "भाकरीपण विकत मिळते बाई. म्हणून घरची चूल मोडली का तुम्ही?"

पण दर जुलैला पोरं बाईंकडंच जायची. आणि सर दर जुलैला कॉरिडॉरमध्ये उभे राहून सहा-अ साठी पोरं गोळा करायचे, एखाद्यानं मुलीसाठी स्थळं शोधावीत तसे. एका मुलीनं सांगितलं, "सर, माझं लग्न जमलंय. उन्हात काळी पडले तर सासरचे काय म्हणतील?" सरांनी आपली छत्री तिला दिली. वर्षभर ती फळीपासून लांब, साखळीच्या टोकाला छत्रीखाली उभी राहून गाव मोजत होती आणि सर बोडक्या डोक्यानं. तिच्या लग्नात सर जेवायला गेले तेव्हा नवऱ्या मुलाकडच्या कुणीतरी विचारलं म्हणे, "हे काळेसे गृहस्थ मुलीचे कोण?"

* * *

सर रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्य भरपूर बोलले. सर उठले, माझ्याकडं बघून "पेपर सांभाळा" एवढंच म्हणाले, आणि बसले. मला रडू आवरलं नाही. लोकांना वाटलं सरांसाठी रडतेय. तेही होतंच. पण अर्धं रडू जुलैचं होतं.

जुलै आला. मोहिते बाई आता विभागप्रमुख. मी वर्गावर्गात जाऊन बोलले, कॉरिडॉरमध्ये उभी राहिले, कँटीनमध्ये पोरांना गाठलं. सरांना जमायचं ते मला जमेना. पेपर चालवायला जी किमान संख्या लागायची, तिला एक विद्यार्थी कमी पडला. एकच. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावलं.

"वर्कलोड बसत नाही तुझा," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर मला तसं कळवावं लागेल."

मी खोलीवर गेले, ट्रंक काढली आणि कपडे भरायला घेतले. शहरातली माझी खोली लहान होती, पण तिच्या खिडकीवर माझा स्वतःचा हक्क होता. आता ती सोडायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात आले तर ऑफिसच्या खिडकीपुढं अ‍ॅडमिशनची रांग. रांगेत पोरापोरींच्या मधे एक मोठी काळी छत्री.

क्लार्क विचारत होता, "सर, नातवाचं अ‍ॅडमिशन का?"

"माझं," सर म्हणाले. "सहा-अ."

विद्यापीठाचा एक नियम होता. पदवीधराला एखादा जादा विषय घेऊन पुन्हा परीक्षेला बसता यायचं. सर गणिताचे पदवीधर, भूगोलाची बी.ए. त्यांच्याकडं नव्हतीच. हा नियम कुणालाच आठवत नव्हता. क्लार्क म्हणाला, तो मोहिते बाईंनी शोधला आणि काल कॉलेज सुटल्यावर त्या रिक्षानं नागेश्वरवाडीकडं गेल्या. मी बाईंना विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुझा तास आहे ना? मग इथं काय करतेस?"

* * *

आणि मग तो वर्ग. शेवटच्या बाकावर सर. हजेरी घेताना 'जहागीरदार' या नावापाशी माझी जीभ अडकली. मी ते गाळून पुढं गेले. तास संपल्यावर सर टेबलापाशी आले.

"मॅडम, माझी हजेरी लागली नाही. कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

तेव्हापासून मी खाली बघत म्हणायचे, "जहागीरदार," आणि मागून आवाज यायचा, "हजर, मॅडम." वर्षभर हे रोज चाललं. सवय म्हणून कधी झाली नाही.

सरांनी एकदाही माझी चूक काढली नाही. फक्त मधेच हात वर करायचे. "मॅडम, मला कळलं नाही. पुन्हा सांगता का?" मी पुन्हा सांगायला घ्यायचे आणि अर्ध्यात माझ्याच लक्षात यायचं, की फळ्यावर मी उतार उलटा काढलाय. सरांनाच कळत नाही म्हटल्यावर बाकीच्या पोरांचीही भीड चेपली. तीही विचारायला लागली. इतके प्रश्न त्या वर्गात आधी कधी आले नव्हते.

* * *

आता शेवटचा.

प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले होते, गोल चेहऱ्याचे, पान खाणारे. इथल्या कुणाशी त्यांची ओळख नव्हती. मैदानावर फळ्या मांडल्या, प्रत्येकीपुढं एक विद्यार्थी. मोहिते बाई विभागप्रमुख म्हणून आल्या. मैदानाच्या कडेला थांबल्या, कमरेचा जुडगा सोडला, रुमालात बांधला आणि बाभळीच्या फांदीला टांगून आत आल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सरांनी बघितलं आणि पुन्हा कागदावर मान घातली.

परीक्षक एकेक फळी बघत सरांपाशी आले. त्यांनी वाकून बघितलं तशी होकायंत्राची सुई सरकायला लागली. परीक्षकांच्या खिशात पानाची चंची होती आणि चंचीत अडकित्ता. सरांनी कागदावरून हात काढून घेतला. परीक्षार्थीनं मधे बोलायचं नसतं. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

मी पुढं झाले. "सर, लोखंड उतरवा."

"मी?" परीक्षक म्हणाले. मग चंची काढून निमूट बाभळीपाशी ठेवून आले. सुई थरथरली आणि उत्तरेला जाऊन उभी राहिली.

आता ते नीट बघायला लागले. आधी नकाशाकडं, मग नकाशा काढणाऱ्याकडं. प्रश्न विचारायचे सोडून म्हणाले, "आजोबा, राग मानू नका. या वयात हा उन्हातान्हातला पेपर कशाला घेतलात?"

"मॅडम चांगल्या शिकवतात," सर म्हणाले.

"आधी कुणी नव्हतं का शिकवायला?"

"होते एक," सर म्हणाले. "त्यांचं कुणाला कळायचं नाही."